दंडाचा हिशेब

प्लेगच्या टोचणीत गाईची चरबी असते, हे आजीच्या माहेरी सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, असलं विचारायची सोय नव्हती. सरकारी बाटलीत दुसरं काय असणार! आजीचं माहेर तापीकाठचं, घर माळकरी, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. त्यामुळे चरबीची बातमी चुलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

तळोद्याच्या शाळेतली नोकरी संपत आली असताना त्या लशीची कृती माझ्या वाचनात आली. आजी तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती, नाहीतर तिला मुद्दाम सांगितलं असतं. बाटलीत मांस होतं खरं, पण बकऱ्याचं. गाईचं त्यात काही असेलच तर ते तूप! वाल्देमार हाफकिन या माणसाने गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून बकऱ्याच्या मांसाचा रस्सा केला आणि त्यावर साजूक तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरून धाग्यांसारखे लोंबत वाढत. भांडं हलवलं की धागे तळाशी बसत आणि वर नवे फुटत. असं काही आठवडे चालायचं. मग ते सगळं तासभर सत्तर अंशांवर तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं आणि बाटल्या भरायच्या. मेलेले जंतू दंडात गेले की शरीराला शत्रूची ओळख पटते, एवढंच त्यातलं तत्त्व. हिंदूंची आणि मुसलमानांची अडचण ओळखून भांड्यात काय घालायचं ते ठरवणारा हा माणूस १८६० साली ओडेसात जन्मलेला ज्यू होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने पटकीची लस केली, ती आधी स्वतःला टोचली आणि १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत पोचला. सरकारने त्याला काय दिलं? ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, तिच्यालगतचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. साथीच्या काळात लशीच्या संशोधनावर आपल्याकडे झालेला सरकारी खर्च पाहायचा, तर त्याचं पहिलं पान हे. पुढच्या तीन महिन्यांत एका मदतनिसाला काम असह्य होऊन त्याचं डोकं बिघडलं, दोघे सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस स्वतःच्या अंगात घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा साधारण निम्म्या कैद्यांना टोचलं. न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडले, त्यांतले ६ मेले. टोचलेल्यांत २ आजारी, मेलं कोणी नाही.

कैद्यांनी आपण होऊन हात पुढे केले, असं नोंदीत आहे. तुरुंगात ‘आपण होऊन’ म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सनावळी कधी नसायची. आधी छपन्नचा काळ, मग गाठीचा आजार, मग मानमोडी, अशी उतरंड. छपन्नचा म्हणजे संवत १९५६ चा, १८९९-१९०० चा दुष्काळ. गुजरातची शीव एवढी जवळ, की संवत आमच्या तोंडात बसलेला. आजी जन्मली दुष्काळानंतर. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या गावावर प्लेगची एक फेरी आली. एकदा आला आणि गेला असं प्लेगचं नव्हतंच, तो पंचवीस-तीस वर्षं येत-जात राहिला. आजी सांगायची, “उंदीर पडनात म्हंजे घर सोडी देवानं.” माळवदावरून उंदीर धपकन खाली पडायचा, गिरकी घ्यायचा आणि मरायचा. मग कोणी पंचांग बघत नसे. दाणागोटा, भांडीकुंडी, गुरं घेऊन सगळं गाव शेतात पऱ्हाट्यांच्या खोपटांत राहायला जायचं. तिला त्या दिवसांची मोठी मौज वाटलेली. शेतात राहायचं, शेंगा भाजायच्या. काकू गेली ती त्याच खोपटात, पण हे ती फार पुढे, मी मोठी झाल्यावर बोलली. जांघेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

त्या फेरीत टोचणारे आले. आजीच्या बापाने टोचून घेतलं. शास्त्रावर विश्वास होता म्हणून नव्हे. टोचल्याची चिठ्ठी हातात असली की कापसाची गाडी नाक्यावर अडवत नाहीत, हे त्याने हेरलं होतं. थोरल्या काकाने घेतलं नाही. बापाला दोन दिवस सणकून ताप भरला, दंड सुजून लाल झाला, आणि शेजारपाजारचे त्याला हसले. काका ठणठणीत होता आणि पुढेही ठणठणीतच राहिला, ऐंशी वर्षं जगला. ही गोष्ट ज्याला कोणाला लशीच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरायची असेल, त्याला ती दोन्हीकडे उपयोगी पडत नाही. टोचलेला वाचला, न टोचलेलाही वाचला, आणि काकूला विचारायलाच कोणी गेलं नाही. बायकांना परपुरुष डॉक्टरपुढे दंड उघडा करायला लावायचा, हे त्या घरात कोणाच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं.

बापाच्या तापाची गोष्ट सांगून झाली की आजी एक वाक्य हमखास जोडायची, “सुई सरकारनी, आंग आपलं.” तक्रारीचा सूर नसायचा. व्यवहार सांगावा तसं सांगायची.

संशोधनाला पैसा कोणी दिला, या प्रश्नावर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. मला त्या लिखाणात आजीचं हे वाक्य कुठे सापडत नाही. लस तयार होताना लोकांकडून दोन गोष्टी येतात. एक करातून, दुसरी दंडातून. पहिलीची पावती असते.

दुसरीचं सर्वांत उघड उदाहरण आमच्यापासून फार लांबचं नाही. बडोदा संस्थानात, बडोद्याजवळ, उंडेरा नावाचं गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग होता. हाफकिन आणि त्याच्याबरोबरचे डॉक्टर गावात गेले, घराघरातली माणसं अंगणात एकत्र बोलावली आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. वय, प्रकृती, बाई-पुरुष हे पाहून होता होईल तो सारखे भाग. एका भागाला टोचलं, दुसऱ्याला नाही. खाणं तेच, छप्पर तेच, उंदीरही तेच, त्यामुळे फरक पडला तर तो लशीचाच. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांत टोचलेली माणसं होती ७१, त्यांतली ३ गेली. न टोचलेली होती ६४, त्यांतली २६ गेली.

शास्त्र म्हणून पाहावं तर असा स्वच्छ पुरावा त्या काळात दुसरा क्वचितच मिळेल. शंकेखोर युरोपियन डॉक्टरांनाही गप्प बसवणारा. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनपुढे हे आकडे गेले, आणि लशीने लागण आणि मृत्यू दोन्ही बरेच घटतात असंच कमिशनचंही मत पडलं. माझं मन मात्र त्या अंगणातून हलत नाही. दोन भाऊ उभे आहेत, एकाला म्हणतात तू इकडे, दुसऱ्याला म्हणतात तू तिकडे. आईचं मूल इकडच्या रांगेत, आई तिकडच्या. त्या ६४ जणांनी काय दिलं, याची नोंद आहे. पण ती मृतांच्या रकान्यात आहे, खर्चाच्या रकान्यात नाही. त्यानंतर परळच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या प्रत्येक बाटलीच्या मागे हे गाव उभं होतं, आणि १८९७ ते १९२५ या काळात अशा सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईतून गेल्या. आजीच्या बापाच्या दंडातली त्यांतलीच एक.

परळची गोष्टही सांगायला हवी. व्हरांड्यातली प्रयोगशाळा मलबार हिलवरच्या सरकारी बंगल्यात गेली, तिथून आगाखानांच्या खुश्रू लॉजमध्ये. हे आगाखान, तिसरे, खोजांचे धर्मगुरू, तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. त्यांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतलं आणि त्यांच्यामागोमाग हजारो खोजांनी. नुसता पैसा दिला असता तर एवढं साधलं नसतं, त्यांनी दंडही दिला. शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’ उघडली. तो राजवाडा रिकामा पडला होता, कारण तिथे गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने वारली होती. पटकीला भिऊन सोडलेल्या घरात प्लेगची लस होऊ लागली. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिनचं नाव मिळालं.

त्याच सँडहर्स्टच्या राज्यात पुण्यात प्लेग अधिकारी रँडची माणसं घरात घुसत होती, देवघरं उलथत होती. त्या १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. एकाच सरकारचे हे दोन हात, आणि लोकांना ओळख होती ती पहिल्याची. मग दुसऱ्या हातातली सुई चांगली आहे यावर कोणी का विश्वास ठेवावा? चरबीची अफवा अडाणीपणातून आली असं शाळेत मीसुद्धा शिकवलं आहे. आता वाटतं, लोकांनी सरकारला अनुभवाने ओळखलं होतं, फक्त बाटली ओळखली नव्हती.

आणि मग मुलकोवाल. पंजाब सरकारने प्लेगवर मोठी मोहीम काढली, लाखो मात्रा हव्यात आणि लगेच हव्यात. परळला काम उरकण्यासाठी लस करायची रीत बदलली, आणि तीत कार्बोलिक वगळलं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावात एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. चौकशी बसली, ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला कामावरून दूर केलं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे पुढे बाहेर आलं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू लावून धरली तेव्हा १९०७ मध्ये त्याच्यावरचा डाग पुसला. तो हिंदुस्थानात परतला, पण कलकत्त्याला. परळ त्याला परत मिळालं नाही. घाई सरकारची होती, चूक चिमट्याची होती, आणि शिक्षा संशोधकाला झाली. साथीत संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी ही फाइल अधूनमधून चाळायला हरकत नाही.

मानमोडीबद्दल आजी कमी बोलायची. १९१८ चा तो इन्फ्लुएंझा. “गाठीला गाव सोडता यायचं, मानमोडीला कुठे जाशील?” एवढंच. देशात काही महिन्यांत सव्वा कोटींहून अधिक माणसं गेली. प्लेगला एवढ्यांना न्यायला तीस-एक वर्षं लागली. परळच्या कपाटात तिच्यावर काही नव्हतं, आणि ते असण्याची शक्यताही नव्हती, कारण तो आजार कशाचा हेच जगात कोणाला कळलं नव्हतं. साथ दारात आल्यावर तिजोरी उघडून उपयोग होईलच असं नाही. आधीच्या कंटाळवाण्या वर्षांत कोणी काय शिकून ठेवलंय, त्यावर सगळं.

तशी कंटाळवाणी वर्षं पुण्यात कोणीतरी काढली. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआर, म्हणजे भारताची वैद्यकीय संशोधन परिषद, यांनी तिथे विषाणू संशोधन केंद्र काढलं. माकडतापावर, मेंदूज्वरावर, डासांवर, गोचिडांवर माणसं दशकानुदशकं काम करत राहिली. १९७८ मध्ये त्या केंद्राची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तिचं नाव क्वचितच यायचं, आणि अंदाजपत्रकाच्या वेळी कोणी बाकं वाजवली नसतील. पण मार्च २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू वेगळा काढून वाढवणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत आला तो या संस्थेमुळे. तो विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेककडे गेला आणि त्यातून कोव्हॅक्सिन झाली. तत्त्व हाफकिनचंच, मेलेला शत्रू दाखवून ओळख पटवणं. चाचणीसाठी माकडं हवी होती, लॉकडाऊनमध्ये ती मिळेनात, शेवटी नागपूरकडच्या जंगलांतून २० माकडं धरून पुण्याला नेली. दंडांच्या यादीत त्यांचीही नावं घालायला हवीत, नावं असती तर.

आमच्या नंदुरबार जिल्ह्याची कोरोनाच्या वेळची गोष्ट बरीच छापून आली. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, स्वतः डॉक्टर, साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातले. पहिली लाट ओसरत असताना, बाकीचे सुस्कारा सोडत असताना, त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले, एकेकाला सुमारे ८५ लाख रुपये. पैसा जिल्हा नियोजनाचा, आपत्ती निधीचा आणि काही कंपन्यांचा. दुसऱ्या लाटेत मोठी शहरं सिलिंडर शोधत होती, आणि नंदुरबारला शेजारच्या जिल्ह्यांतले, अगदी गुजरात-मध्य प्रदेशातले रोगी येत होते. इथे येण्यासारखं काही आहे, असं आम्हाला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

लशीचं मात्र अवघड गेलं. मी तळोद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन घेतली, सातपुड्यात वरच्या पाड्यांवर गाड्या पाठवून द्यावी लागली. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांना परवानगी मिळाली आणि शहरांतली पोरं मोबाइलवर लांबच्या खेड्यांतल्या जागा अडवू लागली. जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते तिथल्या माणसाने काय करायचं? त्यात बातमी पसरलेली, की टोचलं की दोन वर्षांत माणूस मरतो, मुलं होत नाहीत. एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याने आरोग्यसेविकेला विचारलं, “सिकलसेलच्या गोळ्या मागतो तेव्हा संपलेल्या असतात. ही सुई एवढी फुकट आणि एवढी घाईत कशी?” ती माझी विद्यार्थिनी. तिला उत्तर सुचलं नाही, आणि मलाही सुचलं नसतं. तिने आपला दंड दाखवला, बाकी काही नाही. हळूहळू माणसं आली.

फुकट म्हणजे अर्थात फुकट नव्हती. केंद्राने त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात लशींसाठी ३५,००० कोटी धरले होते. खाजगी दवाखान्यांत कोव्हिशिल्ड ७८० आणि कोव्हॅक्सिन १,४१० रुपयांपर्यंत विकायला मुभा होती. कोव्हिशिल्डचं मूळ संशोधन ऑक्सफर्डचं, तेही बहुतांश तिकडच्या सरकारी आणि धर्मादाय पैशातून. परळच्या हाफकिन महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्यासाठी केंद्राने ६५ आणि राज्याने ९४ कोटी मंजूर केले, वर्षाला २२.८ कोटी मात्रा करायच्या ठरल्या, आठ महिन्यांची मुदत. व्हरांड्यात तीन महिन्यांत जमलं होतं ते इथे आठ महिन्यांत झालं नाही. मध्ये कितीतरी वर्षं त्या संस्थेकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं, त्याचं व्याज वसूल झालं, दुसरं काय. तरी पोलिओचे थेंब देशाला पुरवण्यात तिचा मोठा वाटा राहिला आहे, ही गोष्ट विसरू नये.

हे आकडे मी एकदा संध्याकाळी चुलतभावापुढे मांडले. त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि तोंडी गणित माझ्यापेक्षा पक्कं. म्हटलं, मे २०२१ मध्ये सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलंय, कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीवर आयसीएमआरचे सुमारे ३५ कोटी गेले. त्यात २५,८०० माणसांनी दंड दिले. विक्रीवर आयसीएमआरला पाच टक्के मिळायचे होते, आणि जानेवारी २०२२ अखेर १७१ कोटी ७४ लाख मिळाले.

“ताई, पस्तीस टाकले आणि पावणेदोनशे निघाले? कापसात कधी सुटत नाही एवढं.”

“मग वाटा कसा घालशील?”

“बटाईचं शेत धरायचं. पैसा लावला सरकारने, जमीन त्या लोकांची, म्हणजे दंड. आधी लावलेले पस्तीस ज्याचे त्याला परत. राहिले एकशे छत्तीस कोटी चौऱ्याहत्तर लाख. निम्मे जमीनवाल्याला.” त्याने मोबाइलसुद्धा काढला नाही, पावतीपुस्तकाच्या पाठीवर भागाकार केला. “माणशी साडेसव्वीस हजार.”

मी म्हटलं, त्यांतल्या निम्म्यांना खरी लस टोचलीच नव्हती, तुलनेसाठी नुसतं बिनलशीचं इंजेक्शन दिलं होतं.

“मग त्यांना कसले पैसे? त्यांच्या शेतात पेरलंच नाही काही.”

मी त्याला उंडेऱ्याचं सांगितलं. ७१ आणि ६४, ३ आणि २६. तो थोडा वेळ पावतीपुस्तकाकडे बघत बसला. मग साडेसव्वीस हजारांवर काट मारली आणि म्हणाला, “त्यांचा वाटा वेगळा काढावा लागेल. त्यांना जास्त.” आणि पुन्हा भागाकाराला लागला.